'जागा भरली' म्हणणाऱ्या मोफत जगात वाडा कसा बांधायचा

"मामा, भरलं म्हणायलंय हे!"

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे अंबाजोगाईला आली होती. ती संभाजीनगरला आर्किटेक्चर शिकते. गावाकडचा आमचा माळवदाचा वाडा दोन पावसाळ्यांपूर्वी बसला. तो आजीला निदान स्क्रीनवर तरी पुन्हा बघायला मिळावा, म्हणून तिने एका मोफत थ्रीडी जगात बांधायला घेतला होता. जोतं झालं, भिंती झाल्या, तुळया चढल्या, ढाळजेचं दार लागलं. चौकात तुळशीवृंदावन ठेवायला गेली आणि लाल अक्षरांत निरोप आला, की या जागेत आणखी वस्तू मावत नाहीत.

"एवढी मोकळी जमीन दिसायलीय, आणि म्हणे भरली! फुकट दिलंय म्हणून असं करतात का हो?"

फुकट आहे म्हणून कंजूषपणा, हा राग नव्या माणसाला येतोच. मलाही आला होता. पण राग येऊन वाडा पुरा होत नाही. त्या चार दिवसांत आम्ही दोघांनी जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय. सेकंड लाईफ, ओपनसिम्युलेटरवर चालणारी मोफत जगं किंवा त्यांच्या वळणाचं दुसरं काही तुम्ही नव्याने सुरू केलं असेल, तर तुमच्याही कामाला येईल.

पायरी १ : नेमकं काय भरलं ते समजून घ्या

आपल्याकडे शेतकऱ्याला जमीन किती विचारलं तर तो एकर सांगतो, पण ऊस लावायचा का हरभरा पेरायचा हे बोअरला किती इंच पाणी आहे त्यावर ठरवतो. दहा एकर असले आणि पाणी दीड इंच असलं, तर हिशोब दीड इंचाचा. इथेही तेच. डोळ्याला दिसते ती जमीन, आणि मर्यादा असते ती तिच्याखालच्या सर्व्हरची. तुम्ही ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद सर्व्हरला सांभाळावी लागते, कोण कशाला धडकलं हे मोजावं लागतं, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या कॉम्प्युटरकडे ती वस्तू पाठवावी लागते. एकाने सगळं ओढून घेतलं की शेजाऱ्याचा अवतार, म्हणजे त्या जगात फिरणारं त्याचं रूप, चिखलात चालल्यासारखा चालतो.

सेकंड लाईफचं उदाहरण घेऊ, कारण पुढच्या बऱ्याच जगांनी मोजमाप तिथूनच उचललं. २००३ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथला एक पूर्ण प्रदेश २५६ मीटर लांब आणि २५६ मीटर रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर. त्यावर वर्षानुवर्षं १५,००० प्रिम बसत. प्रिम म्हणजे मूळ ठोकळा : पेटी, गोळा, नळकांडं असं काही. या हिशोबाने ५१२ चौरस मीटरच्या छोट्या तुकड्याच्या वाट्याला ११७ येत. २०१६ मध्ये मेनलँडवरची, म्हणजे कंपनीच्या सामायिक जमिनीवरची, मर्यादा वाढवली, तेव्हा त्याच तुकड्याला १७५ मिळू लागले. ११७ मध्ये घर, बाग आणि तलाव बसवणारे लोक होते, हे मुद्दाम लक्षात आणून देतो.

आता तुमच्या तुकड्यावर उजवी क्लिक करा, 'अबाऊट लँड' उघडा आणि 'ऑब्जेक्ट्स' या टॅबवर जा. तुकड्याची क्षमता किती, वापर किती, त्यात तुमच्या वस्तू किती आणि दुसऱ्यांच्या किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं. नव्वद टक्के नवखे हे पान न उघडताच चिडतात, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्यांच्या वस्तूंसमोर आकडा दिसला तर तो शेजाऱ्याचा बाक किंवा कुणी विसरून गेलेली सायकल असते. मालकांची यादी काढून त्या परत पाठवता येतात. आणि तुकडा तुमचा असेल तर 'ऑटो रिटर्न'मध्ये काही मिनिटं भरून ठेवा, म्हणजे पुढे कुणाचं काही साचणार नाही.

पायरी २ : हरवलेले ठोकळे शोधा

बांधताना हातातून निसटलेले तुकडे जमिनीखाली जातात, भिंतीत गाडले जातात, पारदर्शक केलेले तर दिसतच नाहीत. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा. सगळं पारदर्शक सामान लाल दिसायला लागतं. फायरस्टॉर्म हा व्ह्यूअर (जग बघायचा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यातल्या 'एरिया सर्च'मध्ये आसपासच्या वस्तूंची यादी मिळते. 'ऑब्जेक्ट' हे मूळ नाव तसंच राहिलेल्या वस्तू बहुतेक कचराच असतात.

भाचीच्या जागेत असे ११ निघाले. ते काढून तिने आनंदाने वृंदावन ठेवलं, मग पाण्याचा रांजण ठेवला, आणि अर्ध्या तासात पुन्हा तोच लाल निरोप. म्हणून ही पायरी जपून वापरा. हिने दिलासा मिळतो आणि मूळ दुखणं लांबणीवर पडतं.

पायरी ३ : वही घ्या आणि हिशोब मांडा

हो, कागदाची वही. माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरं हसतात मला यावरून. पण स्क्रीनवर बघत बघत हिशोब होत नाही, कारण स्क्रीनवर प्रत्येक वस्तू गरजेचीच वाटते.

आमच्या तुकड्याची मर्यादा होती २००. भाचीचा मूळ वाडा, काढून टाकलेले ते ११ ठोकळे धरून, वहीत असा उतरला : जोत्याचे दगड ६१, भिंतींचे तुकडे ३८, तुळया ४५, बारा खांबांचे प्रत्येकी चार भाग मिळून ४८, दार आणि चौकट ६, पायऱ्या २. बेरीज बरोबर २००.

आकडे समोर आल्यावर ती स्वतःच म्हणाली, "दगड एकेक करून कशाला लावले मी?"

लावले, कारण आर्किटेक्चरवाल्यांना खरं बांधकाम कसं होतं ते माहीत असतं. ही त्यांची जुनी खोड. गवंडी दगडावर दगड ठेवतो तसं ते इथेही ठेवायला जातात. इथे दगड दिसायला पाहिजे, असायला पाहिजे असं काही नाही.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. दहा ठोकळे 'लिंक' केले की ते एक वस्तू होतात, पण मोजणीत एक होत नाहीत. साध्या ठोकळ्यांची मोजणी दहाची दहाच राहते. लिंक करायचं ते उचलायला आणि हलवायला सोपं जावं म्हणून.

पायरी ४ : कमी ठोकळ्यांत बांधा

खरी कमाई या पायरीत आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी जोतं. एकसष्ट दगडांच्या जागी एकच चपटी पेटी. तिच्या बाजूंवर दगडी बांधकामाचा फोटो टेक्श्चर म्हणून चिकटवायचा. फोटो नेटवरचा घेऊ नका. आम्ही गावी गेलो, पडलेल्या वाड्याचं जोतं अजून शाबूत आहे, त्याचाच काढला. सकाळी लवकर, भिंतीवर ऊन यायच्या आधी, मोबाईल भिंतीला अगदी समांतर धरून. दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत सावल्या काळ्या पडतात आणि मग जोतं चारी बाजूंनी एकाच दिशेने उजळलेलं दिसतं, विचित्र वाटतं. फोटो ५१२ बाय ५१२ पिक्सेलला कापा. त्याहून मोठा नको. ठोकळे वाचवून टेक्श्चरचं ओझं वाढवलं तर पाहुण्याला वाडा कितीतरी वेळ राखाडीच दिसत राहतो. काही जगांत टेक्श्चर चढवायला थोडे पैसे पडतात, तेव्हा आधी व्ह्यूअरमधल्या 'लोकल टेक्श्चर'ने फुकट लावून बघा. ते फक्त तुम्हालाच दिसतं, पण मापं जुळवायला पुरतं.

मग भिंती. खोलीच्या चार भिंतींना चार ठोकळे लागत नाहीत. एक पेटी घ्या आणि तिला 'हॉलो' करा, म्हणजे आतून पोकळ. वर-खाली उघडी अशी चार भिंतींची खोली एका ठोकळ्यात तयार. दहा मीटरच्या चौरस पेटीला ८५ टक्के पोकळ केलं की भिंत पाऊण मीटर जाड उरते, म्हणजे जवळजवळ अडीच फूट. आपल्याकडच्या दगडमातीच्या भिंती तेवढ्याच जाड असतात! नेटवरचे धडे सगळीकडे ९५ टक्के सांगतात, कारण त्यांची घरं पातळ भिंतींची. खोली लांबट असेल तर दोन बाजूंना जाडी कमीजास्त होते, ते मात्र डोळ्याने बघून ठरवा. एखादी बाजू उघडी ठेवायची असेल तर 'पाथ कट' वापरा. ओसरीसाठी तोच उपयोगी पडला. ३८ तुकड्यांच्या भिंती ९ मध्ये बसल्या.

तुळयांवर मात्र आमचं भांडण झालं. माळवदाचं छत आतून ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल : धुराने काळ्या पडलेल्या तुळया, त्यांवर किलचन, त्यांवर माती. ओसरीत बंगईच्या कड्या. भाचीला एकही तुळई सोडायची नव्हती. मी म्हणालो, आजी आत आल्यावर मान वर करून कुठे बघेल?

"बंगईवर बसून."

मग ठरलं. ओसरीवरच्या पाच तुळया खऱ्या ठोकळ्यांच्या, बंगईच्या कड्यांसकट डोळ्यात भरतील अशा. आतल्या तीन खोल्यांच्या छताला प्रत्येकी एक सपाट फळी आणि तिच्यावर तुळया-किलचनाचा फोटो. ४५ चे ८ झाले. आतल्या खोल्या तशाही अंधाऱ्याच असायच्या.

खांबांचंही तसंच केलं. दर्शनी चार खांबांना तळखडा, खांब, कणी आणि हस्त असे चारही भाग ठेवले, म्हणजे १६. बाकीचे आठ एकेका ठोकळ्याचे. एकूण २४. दार-चौकटीचे ६ आणि पायऱ्यांचे २ हात न लावता ठेवले. दार ही अशी वस्तू आहे की माणूस तिच्याजवळ जातो, तिला हात लावतो. तिथे फोटो चिकटवला की लगेच पकडलं जातं.

वहीत नवी बेरीज : १, ९, ८, २४, ६, २. पन्नास. दीडशे शिल्लक.

खिडकीची जाळी किंवा नक्षीदार कमान करायची असेल तर एका सपाट ठोकळ्यावर पारदर्शक पार्श्वभूमीचं टेक्श्चर लावता येतं. फक्त दोन पारदर्शक पृष्ठभाग एकमेकांसमोर आणू नका. व्ह्यूअरला पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं ते कळत नाही आणि जाळी लुकलुकायला लागते.

पायरी ५ : मोजणी वजनाची असेल तर

सेकंड लाईफमध्ये २०११ साली मेश (दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घडवून आणलेल्या वस्तू) आल्यापासून ठोकळ्यांऐवजी 'लँड इम्पॅक्ट' मोजतात. वस्तूचं डाउनलोडचं वजन, फिजिक्सचं म्हणजे धडक मोजण्याचं वजन आणि सर्व्हरचं वजन काढलं जातं, आणि तिन्हींत जे जास्त तेच धरलं जातं. ओपनसिममध्ये, म्हणजे ओपनसिम्युलेटरच्या जगांत, साधारणपणे ठोकळेच मोजले जातात, त्यामुळे तिथलेच राहणार असाल तर ही पायरी सोडून पुढे जा.

वस्तू निवडून बिल्ड खिडकीतलं 'मोअर इन्फो' दाबलं की ही वजनं दिसतात. नवख्यांना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट ही : साध्या ठोकळ्यांचं घर आणि एखादी मेशची वस्तू लिंक केली, की पूर्ण घराची मोजणी नव्या पद्धतीने होते. आणि घरात पिळलेली, पोकळ केलेली कमान असेल तर तिचं फिजिक्सचं वजन एकदम शेकड्यात जातं. घाबरू नका. त्या कमानीच्या 'फीचर्स' टॅबमध्ये 'फिजिक्स शेप टाइप' आहे, तिथे 'कॉन्व्हेक्स हल' निवडा. ज्याला कुणी धडकणारच नाही अशा तुकड्याला 'नन' दिलं तरी चालतं, मात्र लिंक केलेल्या संचातल्या मुख्य तुकड्याला ते देता येत नाही.

हीच युक्ती उलटी वापरली की फायदा. साधे ठोकळे लिंक करून सगळ्यांना 'कॉन्व्हेक्स हल' दिलं, तर प्रत्येकाचं वजन साधारण अर्धं धरलं जातं. आठ पेट्या चारमध्ये बसतात. पण पोकळ खोलीला हे करू नका. 'कॉन्व्हेक्स हल' म्हणजे वस्तूला बाहेरून कापड गुंडाळल्यासारखा आकार, मग आतली पोकळी भरली असं धरलं जातं आणि तुम्हाला स्वतःच्याच खोलीत शिरता येत नाही.

मेश वस्तू मोठी केली की तिचं वजन वाढतं, कारण ती लांबून दिसते. एखादं झाड जड वाटलं तर ते थोडं लहान करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

पायरी ६ : फुकटची खोकी आंधळेपणाने उघडू नका

मोफत जगात फुकट सामानाची खोकी ढिगाने मिळतात. सोफा, कारंजं, आंब्याचं झाड. लग्नात आलेल्या आहेराच्या भांड्यांसारखं असतं ते, ठेवायचं कुठे हे घरी आल्यावर कळतं. वस्तू आधी सार्वजनिक सँडबॉक्समध्ये (सरावाच्या मोकळ्या जागेत) उघडा, मोजा, मगच आपल्या जागेत आणा. विकत किंवा फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या माहितीत लँड इम्पॅक्ट बऱ्याचदा लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

इन्व्हेंटरीत (तुमच्या खात्यातल्या सामानाच्या कोठारात) पडून असलेलं सामान जमिनीच्या मोजणीत येत नाही. अवतारच्या अंगावरचंही येत नाही. भाचीने आजीसाठी केलेला बोरमाळ आणि पाटल्यांचा संच आधी फडताळात मांडला होता, तो काढून थेट अवतारला घातला.

मित्रांबरोबर बांधणार असाल तर आणखी एक : एकाच प्रदेशातले एकाच मालकाचे तुकडे आपली क्षमता एकत्र वापरतात. चौघांनी चार कोपऱ्यांत चार तुकडे घेऊन चिडचिड करण्यापेक्षा ग्रुप काढा आणि जमीन ग्रुपच्या नावावर करा.

पायरी ७ : बांधकाम गायब झालं तर

सँडबॉक्समध्ये ठरावीक तासांनी सगळं साफ होतं. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे दुपारी लाईट गेली, ती संध्याकाळी आली. तोवर सरावासाठी बांधलेला अर्धा वाडा जमिनीवरून नाहीसा. भाचीचं तोंड बघवेना.

अशा वेळी इन्व्हेंटरीतला 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर उघडा. वस्तू परत पाठवली जाते, नष्ट होत नाही. पण एकदम परत आलेल्या बऱ्याच वस्तूंचं एकच गाठोडं बांधलेलं असतं, आणि ते पूर्ण मावेल एवढी जागा शिल्लक असेल तरच उघडतं. दोनशेच्या तुकड्यावर पन्नास शिल्लक आणि गाठोडं साठचं, तर एकही वस्तू बाहेर येत नाही. ते मोकळ्या सँडबॉक्समध्ये नेऊन सोडा आणि तिथे वस्तू सुट्या सुट्या उचला. उचलताना प्रत्येकीला नाव द्या. 'ओसरी डावा खांब' असं. आम्ही दिलं नव्हतं, आणि 'ऑब्जेक्ट' नावाच्या छत्तीस वस्तू एकेक करून उघडत बसलो.

स्वतः बनवलेल्या वस्तूची प्रत फायरस्टॉर्ममधून आपल्या कॉम्प्युटरवरही उतरवून ठेवता येते. दुसऱ्याने बनवलेली उतरत नाही, आणि उतरवूही नये.

पायरी ८ : तरीही पुरत नसेल तर

आधी जगाच्या चालकांना विचारा, पण 'खूप कमी आहे' असं म्हणून नको. तुकडा कोणता, मर्यादा किती, वापर किती, काय बांधताय आणि आणखी किती लागतील, एवढं लिहा. वहीतला हिशोब इथे कामाला येतो.

नाहीतर स्वतःचं जग उभं करा. ओपनसिम्युलेटर २००७ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, एक पैसा पडत नाही. क्लासमधल्या ८ जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते चालतं. ते चालवायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं मोफत डॉटनेट बसवा, ओपनसिम उतरवून फोल्डरमध्ये सोडा, 'स्टँडअलोन' (सगळं एकाच कॉम्प्युटरवर) पद्धतीने सुरू करा. पहिल्यांदा ते प्रदेशाचं नाव आणि पोर्ट वगैरे विचारतं, पोर्ट ९००० तसाच ठेवा. व्ह्यूअर फायरस्टॉर्मचाच, पण ओपनसिमसाठी असलेली आवृत्ती घ्या, आणि ग्रिडच्या, म्हणजे जगाच्या, पत्त्यात १२७.०.०.१ (म्हणजे हाच कॉम्प्युटर) आणि तोच पोर्ट भरा. किती ठोकळे बसू द्यायचे तो आकडा प्रदेशाच्या फाइलमध्ये 'मॅक्सप्रिम्स' नावाने असतो. तो तुम्हीच टाकायचा. पाहिजे तर पन्नास हजार टाका, मग बघा कॉम्प्युटरचा पंखा कसा ओरडतो ते.

१२७.०.०.१ च्या जागी कॉम्प्युटरचा वायफायवरचा पत्ता दिला तर एकाच वायफायवरचे लोक तुमच्या जगात येऊ शकतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून बाहेरगावच्या माणसाला आत घेणं मात्र बहुधा जमत नाही. आणि लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएस लावा, शिवाय रोज रात्री 'सेव्ह ओएआर' ही आज्ञा देऊन अख्ख्या प्रदेशाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

भाचीने स्वतःचं जग केलं नाही. दोनशेच्या तुकड्यातच राहिली. शिल्लक दीडशेतून वृंदावन, रांजण, जातं, बंगई, आणि भिंतीतलं ज्वारीचं बळद झालं. भाऊबीजेला आजीला खुर्चीवर बसवून दाखवलं. आजी दार बघून गप्प बसली, मग ओसरीत गेली, बंगई बघितली, आणि म्हणाली, "गोठा कुठंय गं?"

परवा फोन आला होता. गोठा २६ मध्ये बसलाय, म्हैस अजून मोजायची आहे.